बेकारी आणि व्यवसायशिक्षण : गुंजवण्याहून पाहताना

'आज बेकारीचा प्रश्न आ वासून उभा आहे' हे वाक्य शालेय निबंधात आपण सर्वांनीच लिहिले आहे. पण हा प्रश्न दिसतो कसा, हे माझ्या गावाहून पाहिले तर अधिक स्पष्ट होते. राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे हे ते गाव. तालुका वेल्हे, आता त्याचे नाव राजगड झाले आहे. येथे पाऊस भरपूर, शेती मुख्यतः भाताची, आणि कापणी झाली की बऱ्याच हातांना काम नाही. मग तरुण साखर, मार्गासनी, नसरापूर या वाटेने पुणे गाठतो.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात हंगामी बेकारी, प्रच्छन्न बेकारी व सुशिक्षित बेकारी असे निरनिराळे प्रकार वाचावयास मिळतात. आमच्याकडे ते तिन्ही एकाच ओसरीवर बसलेले सापडतात. वडील सुगीनंतर रिकामे, दोघांच्या शेतावर राबणारे चौघे भाऊ, आणि पदवी घेऊन जाहिराती चाळणारा धाकटा. कला शाखेच्या विद्यार्थ्याने हे लिहावे यात थोडी गंमत आहे खरी, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

आपल्याकडे व्यवसायशिक्षण नव्हते असे नाही. सुतार, लोहार, कुंभार यांची घरे हीच त्यांची विद्यालये होती. मुलगा बापाच्या हाताखाली काम करता करता तयार होई. त्या शिक्षणात कसब होते. पण ते जन्माने मिळे आणि जन्मानेच नाकारले जाई. कारखान्यातील माल खेड्यात आला आणि बलुतेदारीचा कणा मोडला. 1950 साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेचे मोल मला येथे वाटते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या दारात 'तुझा बाप काय करतो' हा प्रश्न गैरलागू ठरला. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात विद्यावेतन घेत शिकण्याची सोय केली.

मग अडले कोठे? 1964-66 च्या कोठारी आयोगाने दहावीनंतरच्या निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाकडे वळवावे असे सुचविले. 1986 च्या राष्ट्रीय धोरणाने अपेक्षा खाली आणली : उच्च माध्यमिक स्तरावर 1990 पर्यंत 10 टक्के व 1995 पर्यंत 25 टक्के. तेही साधले नाही. 'पुस्तकाचे शिक्षण जमले नाही म्हणून हाताचे' ही आपली समजूत त्याला कारण आहे, असे माझे मत आहे. हुशार मुलाला पकड-पान्याजवळ जाऊ द्यायचे नाही, आणि मग नळ गळू लागला की माणूस मिळत नाही म्हणून ओरडायचे!

या समजुतीला उत्तम उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळाले आहे. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातील मोठे पद सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील दृष्टी वेगळी आहे. हाताने काम करीत शिकणे ही बुद्धीच्या वाढीचीच नैसर्गिक रीत आहे, असे ते मानीत. म्हणून आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चारही विषयांची प्रत्यक्ष कामे दिली गेली. मुलगा वेल्डिंग करतो, रक्तगट तपासतो, रोपेही वाढवतो. शिवाय केलेले काम गावाच्या उपयोगी पडावे व त्याचा मोबदला यावा, हा दंडक. गिऱ्हाईक पैसे मोजणार असेल तर दार काटकोनात बसवावेच लागते. परीक्षकापेक्षा हा परीक्षक कडक! शाळा सुटलेल्या मुलांसाठी मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा निवासी अभ्यासक्रमही तेथे आहे.

मात्र पाबळची नक्कल गुंजवण्यात चालणार नाही. तेथे भूजल शोधणे महत्त्वाचे. आमच्याकडे पावसात टिकणारे छप्पर, भात-नाचणीची प्रक्रिया आणि पंपाची दुरुस्ती. त्यात आता गडाची भर पडली आहे. जुलै 2025 मध्ये राजगडासह 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. चोरदरवाजाच्या वाटेने गड चढणारे पुष्कळ लोक गुंजवण्यातूनच जातात. त्यांना जेवण व निवारा देण्याचे काम गावाने कोणत्याही अभ्यासक्रमावाचून सुरू केले. वाटाड्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण, प्रथमोपचार, चुन्यातील दगडी बांधकामाची दुरुस्ती ही कामे गावातील मुलामुलींनी शिकली तर बाहेरून माणसे आणावी लागणार नाहीत.

प्रशिक्षणाने नोकऱ्या निर्माण होत नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. गावात शंभर जणांना एकच शिलाईकाम शिकवले तर शंभर शिंपी उपाशी राहतील. म्हणून आधी गावात कशासाठी पैसे मोजले जातात याची पाहणी, मग अभ्यासक्रम, असा क्रम हवा.

राहता राहिला शिक्षकाचा प्रश्न. गावातील गवंड्याजवळ पदविका नसते, म्हणून वर्गात त्याला जागा नसते. पाबळच्या योजनेत मात्र आसपासच्या गावांतील कसबी माणसेच शाळेत निदेशक म्हणून उभी राहिली, आणि मुले त्यांनाही 'सर' म्हणू लागली.