त्वचेचा दाह आणि प्राणवायु

जालन्याच्या कारखान्यांबाहेर पडलेल्या लोखंडी सळया पावसाळ्यांत गंजतात, हें विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. तें काम ओलाव्याचें व प्राणवायूचें. शरीरांतहि त्याच वायूपासून कांहीं अतिक्रियाशील कण उपजतात. एरवीं शरीर त्यांस आवरतें. सोरायसिस रोगांत मात्र दाहस्थानीं जमलेल्या पांढऱ्या पेशी असे कण अधिक सोडतात. त्यांनीं दाह आणखी भडकतो, व सुमारें महिन्यानें बदलणारी वरची त्वचा ४-५ दिवसांतच बदलूं लागून खपल्या धरते. तंबाखूचा धूर त्यांत भरच घालतो. औषधोपचारानें रोग आटोक्यांत राहतो. समूळ बरा करण्याचीं जाहिरातींतील आश्वासनें आम्हांस खरीं वाटत नाहींत. पालकहो, हा रोग स्पर्शानें लागत नाहीं. अशा मुलास वर्गांत वेगळें बसविण्याचा आग्रह आम्ही मान्य करणार नाहीं.