जलद वाचन आणि कचेरींतील काम

वाचनाचा वेग वाढविला म्हणजे कामाचा वेग वाढतो काय, हा प्रश्न वरवर पाहतां फार सोपा वाटतो. जो मनुष्य एका तासांत वीस पृष्ठें वाचीत होता, तो साठ पृष्ठें वाचूं लागला तर त्याचें काम तिप्पट होईल, असें कोणासही वाटेल. याच समजुतीवर जलद वाचनाचे वर्ग चालतात, कंपन्या आपल्या नोकरांस त्यांत पाठवितात, आणि आईबापही आपल्या मुलांकरितां त्यांची फी भरतात. तेव्हां या समजुतींत तथ्य किती आणि भ्रम किती, याचा शांतपणें विचार करणें अवश्य आहे.

नागपूरकरांस तर हा विषय विशेष जिव्हाळ्याचा वाटावा. आपलें शहर हें कचेऱ्यांचें शहर आहे. सन १८६१ पासून तें मध्यप्रांताची, व पुढें १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी होतें. १९३६ सालीं येथें स्वतंत्र हायकोर्ट स्थापन झालें. १९५६ पासून येथें मुंबई हायकोर्टाचें खंडपीठ आहे. १९५३ च्या नागपूर करारास अनुसरून, महाराष्ट्र राज्य झाल्यावर विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन येथें भरूं लागलें, आणि त्याबरोबर मुंबईच्या फायलींचे गठ्ठेही येऊं लागले. आतां मिहानच्या परिसरांत संगणकाच्या कंपन्या उभ्या आहेत; तेथेंही दिवसाचा मोठा भाग पत्रें व अहवाल वाचण्यांतच जातो. सारांश, येथील कित्येक घरांची चूल कागद वाचण्याच्या कामावर पेटते. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळ जण पुढें अशाच एखाद्या मेजापाशीं बसणार आहेत.

प्रथम आपण वाचतों कसे, तें पाहूं. वाचतांना डोळा ओळीवरून पाण्याच्या धारेसारखा सरकतो, असें आपणांस भासतें. परंतु तसें होत नाहीं. तो टप्प्याटप्प्यानें उड्या घेतो. प्रत्येक उडीनंतर सुमारें पाव सेकंद तो स्थिर राहतो, आणि या स्थिर क्षणींच अक्षरें दिसतात. डोळ्यास अगदीं स्पष्ट दिसणारा भाग फार लहान असतो. हात पूर्ण लांब करून अंगठ्याची रुंदी पाहावी. जवळजवळ तेवढाच तो असतो. म्हणून एका दृष्टिक्षेपांत सबंध परिच्छेद वाचण्याची विद्या शिकवूं, असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां तो डोळ्याच्या रचनेविरुद्ध बोलत असतो.

जलद वाचनाच्या वर्गांचा आधुनिक प्रसार अमेरिकेंत एव्हलिन वुड या शिक्षिकेनें १९५९ सालीं सुरू केलेल्या संस्थेमुळें झाला. त्याची कीर्ति एवढी पसरली कीं, १९७७ सालीं राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनींही हें शिक्षण घेतलें. बोट ओळीवरून वेगानें फिरवावें, मनांतल्या मनांत शब्द उच्चारूं नयेत, मागें वळून पुन्हां वाचूं नये, असे नियम अशा वर्गांत सांगतात. पुढें शास्त्रज्ञांनीं हे दावे कसोटीस लावले. मार्सेल जस्ट व पॅट्रिशिया कार्पेंटर या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनांत तीन प्रकारचे वाचक घेतले होते: जलद वाचन शिकलेले, नेहमींच्या गतीनें वाचणारे, आणि कांहीं न शिकतां नुसती नजर फिरविणारे. सोप्या मजकुराचा सामान्य आशय जलद वाचकांनीं नजर फिरविणारांपेक्षां थोडा बरा सांगितला. परंतु मजकूर कठीण होतांच तोही फरक उरला नाहीं. बारीकसारीक तपशिलांत तर नेहमींच्या गतीनें वाचणारेच पुढें राहिले. २०१६ सालीं किथ रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा कीं, वेग फार वाढविला म्हणजे समजूत घटते. दोन्ही एकदम साधण्याचा जवळचा मार्ग नाहीं. मनांतला उच्चार दाबून टाकल्यास आणि मागें वळून पाहण्याची सोय बंद केल्यास अर्थ निसटतो, असेंही दिसून आलें.

येथें आमच्या मराठी वाचकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मिनिटास किती शब्द वाचावे याचे जे आंकडे सांगितले जातात, ते बहुधा इंग्रजीचे असतात. मार्क ब्रिसबार्ट यांनीं २०१९ सालीं अनेक प्रयोगांचें एकत्रीकरण करून, इंग्रजी माहितीपर मजकूर मनांत वाचण्याचा सरासरी वेग मिनिटास सुमारें २३८ शब्द ठरविला. हा आंकडा मराठीस जसाच्या तसा लावतां येत नाहीं. इंग्रजींत जें तीन-चार सुट्या शब्दांनीं सांगतात, तें मराठी पुष्कळदां एकाच शब्दास प्रत्यय जोडून सांगते. शिवाय आपल्या भाषेंत अर्थाची किल्ली शब्दाच्या व वाक्याच्या शेवटीं असते. ‘३१ मार्चपर्यंत’ आणि ‘३१ मार्चपासून’ यांचा आरंभ एकच, पण अर्थ उलट. ‘ही रक्कम मंजूर करतां येईल’ आणि ‘ही रक्कम मंजूर करतां येणार नाहीं’ या दोन वाक्यांत शेवटच्या शब्दांवर सारें अवलंबून आहे. जो वाचक ओळीच्या आरंभावर नजर टाकून पुढें धांवतो, तो मराठी हुकूम वाचतांना हमखास फसेल.

आतां कचेरींतील हिशेब मांडूं. समजा, एक कारकून दिवसास सात तास, म्हणजे ४२० मिनिटें, काम करतो. त्यांतलीं १२० मिनिटें वाचण्यांत जातात. उरलेला वेळ विचार करणें, आंकडे ताडून पाहणें, वरिष्ठांस विचारणें, उत्तर लिहिणें यांत जातो. त्याच्या वाचनाची गति दीडपट झाली, तर १२० मिनिटांचें काम ८० मिनिटांत होईल व ४० मिनिटें वांचतील. म्हणजे वाचन दीडपट झालें तरी काम दीडपट होत नाहीं. दिवसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळ वांचतो. ही बचतही अर्थ पूर्णपणें समजला तरच खरी. समजा, त्या घाईंत एका विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या अर्जांतील ‘पासून’ हा शब्द त्यानें ‘पर्यंत’ असा वाचला. चुकीचा हुकूम निघेल, ती बाई पुन्हां अर्ज करील, फाइल पुन्हां उघडेल, चार मेजांवरून फिरेल. चाळीस मिनिटांच्या बचतीचे चाळीस दिवस होतील, आणि त्या दिवसांत तिच्या घरीं पैसा पोंचणार नाहीं. कामाचें माप केवळ उरकलेल्या कागदांच्या संख्येनें करणें किती अपुरें आहे, तें यावरून दिसेल.

मग वाचनाचें काम लवकर व्हावें, याला कांहीं उपायच नाहीं काय? आहे, परंतु तो डोळ्यांच्या कसरतींत नाहीं. याचें उत्तम उदाहरण आपल्या टपालखात्यांत सांपडतें. नागपूर हें मुंबई-कलकत्ता व दिल्ली-मद्रास या लोहमार्गांचें संगमस्थान. पूर्वीं धांवत्या टपालगाड्यांतून कारकून पत्रें वांटून वेगळीं करीत. पत्त्यावर नजर टाकतांच पत्र कोणत्या पिशवींत टाकावें, तें त्यांस ठरवावें लागे. कामांत अडचण ती काय? पत्ते नाना लिपींत लिहिलेले असत, आणि एकाच नांवाचीं गांवें अनेक असत. नुसतें ‘बिलासपूर’ असें लिहिलें, तर पत्र नागपूरच्या पूर्वेस छत्तीसगडांत धाडावें, कीं हिमाचलांत? येथें डोळा कितीही चपळ असला तरी काय उपयोग?

या अडचणीवर श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानें उपाय शोधला. हे गृहस्थ संस्कृतचे मोठे व्यासंगी, संस्कृतांत काव्यें व नाटकें लिहिणारे, आणि टपालखात्यांत उच्च पदावर होते. त्यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून देशांत सहा अंकी पिनकोड सुरू झाला. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो, पहिले तीन अंक मिळून टपाल-वर्गीकरणाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक पत्र वांटणारें टपालघर. ‘४४०००१’ हे अंक पाहतांच पत्र नागपूरच्या मुख्य टपालघराचें आहे हें कळतें. मग पत्ता कोणत्याही लिपींत असो. लिहिणारानें सहा अंक लिहिण्याचे श्रम घेतले, म्हणून वाचणाराचे श्रम वाचले.

आपल्या पूर्वजांच्या दफ्तरांतही हेंच तत्त्व दिसतें. मोडी लिपि लेखणी फारशी न उचलतां झरझर लिहिण्याची. शब्दांमध्यें मोकळी जागा सोडण्याचा प्रघात नव्हता. असें लेखन वाचणें कठीण. परंतु पत्राचा सांचा ठरलेला असे. ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ असा मायना दिसला कीं पत्र कोणत्या प्रतीच्या माणसास आहे तें कळे. मजकूर कोठें सुरू होतो आणि मिति कोठें असते, तें जाणत्यास ठाऊक असे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं साठी उलटल्यावर पुण्याचें पेशवे दफ्तर तपासण्याचें काम हातीं घेतलें. हजारों रुमालांतून निवड करून सन १९३० ते १९३४ या अवधींत त्यांनीं पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. त्यांत नागपूरकर भोसल्यांविषयींचीही पत्रें आहेत. हें काम इतक्या अल्प काळांत झालें, तें जलद वाचनाच्या कोणत्या वर्गामुळें नव्हे. आयुष्यभर मराठ्यांच्या इतिहासाचा व्यासंग केल्यामुळें कोणतें नांव महत्त्वाचें, कोणता कागद नेहमींच्या हिशेबाचा, हें त्यांस ठाऊक होतें. आणि त्यांस साहाय्यकही होते. ज्याला विषय माहीत, त्याला कागद लवकर ओळखूं येतो.

यावरून आमचें मत असें बनलें आहे: जलद वाचनाच्या शिक्षणानें नजर फिरविण्याची संवय लागते, आणि ती निरुपयोगी नाहीं. शंभर कागदांतून आपल्या कामाचे दहा निवडावयाचे असतील, तेव्हां तीच संवय उपयोगीं पडते. परंतु निवडलेले दहा कागद सावकाशच वाचले पाहिजेत. नोकराचें काम खरोखर वाढतें तें विषयाच्या ज्ञानानें, शब्दसंग्रहानें, व कागदपत्रांच्या चांगल्या मांडणीनें.

विद्यार्थ्यांनीं हें आजपासून करून पाहावें. धड्याचीं शीर्षकें व पहिलीं वाक्यें प्रथम चाळावींत, आणि या धड्यांतून आपणांस काय हवें आहे, तें मनाशीं ठरवावें. मग धडा नेहमींच्या गतीनें वाचावा. न कळलेलें वाक्य पुन्हां वाचण्यांत कमीपणा नाहीं. नंतर पुस्तक मिटून पांच मुद्दे आपल्या शब्दांत लिहावे, व ते धड्याशीं ताडून पाहावे. पांचांपैकीं तीनच जुळले, तर गति कमी करावी. पांचही जुळले, तर दुसऱ्या दिवशीं किंचित् वाढवावी. असें एक महिना केल्यास ज्याचा त्यास आपला योग्य वेग सांपडेल. रोज कांहीं नवें वाचलें म्हणजे ओळखीचे शब्द वाढतात, आणि ओळखीच्या शब्दांवर डोळा आपोआप कमी थांबतो.

पालकांसही आमची एक विनंति आहे. मोठी फी भरून मुलास अशा वर्गांत घालण्यापूर्वीं त्यास सायंकाळीं वर्तमानपत्रांतील एक उतारा वाचावयास सांगावें, आणि त्याचा अर्थ विचारावा. घरांतील टपाल, विजेचें बिल, बँकेचें पत्र त्याच्याकडून वाचवून घ्यावें. त्यांतील तारीख, रक्कम व अट कोणती, तें त्यानें सांगावें. पुढें कचेरींत त्यास जें काम करावयाचें आहे, त्याचा अभ्यास अशा रीतीनें घरींच, आणि एक पैही खर्च न करतां, सुरू होईल.