देवळ्यातल्या हॉटेलात सकाळचा नाश्ता

देवळ्यातल्या पाच कंदीलच्या आसपास आणि बसस्टँडकडे जुन्या धाटणीची हॉटेलं अजून आहेत. लाकडी बाकं, कडाप्प्याची टेबलं, गल्ल्यामागे सप्तशृंगीचा फोटो, शेजारी कालनिर्णय, काचेच्या कपाटात शेव नि जिलेबी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सकाळी त्यांतल्या एकात, आबांच्या हॉटेलात, जाऊन बसू लागले. तिथे जे उमगलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

१. अशी हॉटेलं टिकली, कारण त्यांचं काम संपलेलं नाही. शहरातले पाहुणे आले की बाकांचे फोटो काढतात. मलाही ती बाकं प्रिय आहेत. पण भल्या पहाटे भट्टी पेटते ती कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन उमराण्याच्या बाजाराला निघालेल्या शेतकऱ्यासाठी आणि विंचूर-प्रकाशा रस्त्यावर रात्रभर गाडी हाकलेल्या ड्रायव्हरसाठी. १९९९ साली कळवणमधून वेगळा होऊन देवळा तालुका झाला, तेव्हापासून कचेरीच्या कामाला आलेली खेड्यातली माणसंही यात आली. त्यांची एसटी सकाळी लवकर पोचते, कचेरी उघडते उशिरा. मधल्या वेळात सातबाऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन माणसानं बसायचं कुठे? एक चहा घेऊन तासभर बसलेल्याला आबांनी कधी उठवल्याचं मी पाहिलेलं नाही.

२. आजच्या मिसळीची तयारी काल सकाळी सुरू झालेली असते. मटकी सकाळी भिजत घालायची, संध्याकाळी निथळून फडक्यात बांधायची, तेव्हा दुसऱ्या पहाटे मोड दिसतात. थंडीत ते रुसतात. मग गाठोडं गोणपाटात गुंडाळून भट्टीच्या उबेला ठेवतात. रस्सा तर संयमाचीच गोष्ट. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून सुकं खोबरं, भाजलेला कांदा, काळा मसाला हे तेल सुटेपर्यंत परतत राहावं लागतं, तेव्हा कुठे वर लाल तर्री येते. घाई केली की ती येतच नाही. मी आयुष्यभर घरचा स्वयंपाक केला, पण रोज एवढ्या माणसांसाठी तीच चव आणायची म्हणजे काय, हे भट्टीसमोर उभं राहिल्यावरच कळलं.

३. बशीतला कांदा शहरात एक सांगतो, इथे दुसरंच. नाशिक-मुंबईत मिसळीबरोबर भरपूर कांदा आला की गिऱ्हाईक खूश होतं. आमच्याकडे बशी ओसंडून वाहायला लागली की समजायचं, बाजार पडलाय. तो कांदा पिकवणाराच समोर बसून खात असतो. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो, साठवणीच्या चाळीत जातो आणि पुढे दिवाळीपर्यंत भावाची वाट पाहतो. म्हणून इथे ‘काय चाललंय’ असं कुणी विचारत नाही. ‘कांदा काय भाव गया?’ असं अहिराणीत विचारतात, आणि उत्तरावरून माणसाचं घर कसं चाललंय ते समजून घेतात. डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती थेट मे २०२४पर्यंत. लिलाव थांबले त्या सकाळी हॉटेल गच्च भरलेलं होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. ट्रॅक्टर भरून उभे, भाडं चढतंय, माल उन्हात. एवढ्या शांततेत चहा पिण्याची वेळ कुणावर येऊ नये. दिल्लीत निर्णय घेणाऱ्यांनी अशा एखाद्या बाकावर अर्धा तास काढावा, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

४. बाकावर कोण बसू शकतं, हा प्रश्न पूर्वी साधा नव्हता. याच नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. त्या काळी कित्येक हॉटेलांत दलितांचा चहा बाहेर, वेगळ्या कपात, वरून ओतून दिला जायचा. राज्यघटनेच्या १५व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तो यासाठीच. नागरिकशास्त्राच्या तासाला मी हे कलम वर्षानुवर्षं शिकवलं. मुलं पाठ करायची, मार्क मिळवायची. पण एका टेबलावर चार अनोळखी माणसं शेजाऱ्याची जात न विचारता एकाच जगमधून पाणी ओतून घेतात, ही केवढी मोठी कमाई आहे, ते मला तिथे बसल्यावर लख्ख दिसलं. ही कमाई सगळीकडे पूर्ण झालेली नाही, हेही मला ठाऊक आहे.

५. एक पेपर सहा जणांना पुरतो. पानं सुटी होतात, या टेबलावरून त्या टेबलावर जातात. ज्याला वाचता येत नाही, त्याला शेजारचा बाजारभाव मोठ्यानं वाचून दाखवतो.

६. चैत्रात हॉटेलाचं घड्याळ बदलतं. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीची यात्रा. धुळे-जळगावकडचे भाविक झेंडे घेऊन पायी निघतात आणि ऊन टाळायला रात्रीचे नि पहाटेचे चालतात. त्या दिवसांत रात्रीसुद्धा चहा उकळत असतो. सोललेल्या पायांनी आलेली माणसं बाकावर टेकतात, दोन घोट घेतात, पुन्हा उठतात. त्यांच्याकडून पैसे घ्यायला आबांचा हात पुढे होत नाही.

७. बायकांना या हॉटेलांनी पडद्यामागची ‘फॅमिली रूम’ दिली, बाहेरचं बाक दिलं नाही. नवऱ्याबरोबर, मुलांबरोबर आलात तर पडद्याआड. एकटीनं येण्याचा विचारच कुणी केला नव्हता. मी एकटी जाऊन पुढच्या बाकावर बसले तेव्हा थोडी कुजबुज झाली, मग ‘मॅडम, तर्री कमी देऊ का?’ असा प्रश्न आला, आणि विषय संपला. कांदा काढायला, चाळीत भरायला बायाच असतात. बाजाराच्या दिवशी भाजीचं ओझं उतरवून त्या मात्र उभ्या उभ्या चहा पितात. बायांनो, देवळ्याला आलात की आत या, पडदा राहू द्या, बाकावर बसा आणि रस्सा दुसऱ्यांदा मागून घ्या. त्याचे पैसे लागत नाहीत.