पंखा फिरवण्याआधी

सेलू, जि. परभणी

चि. बाळास,


ताईचा फोन आला होता. शेडमध्ये विमानाचा सांगाडा उभा राहिलाय, जुनं रोटॅक्स 912 इंजिनही येऊन पडलंय आणि दिवाळीत उडवायचा तुझा बेत आहे म्हणे. विमान जरूर बनव. दिवाळी मात्र डोक्यातून काढ.

यवतमाळ जिल्ह्यातलं फुलसावंगी आपल्याला फार लांब नाही. ऑगस्ट 2021 मध्ये तिथला एक तरुण वेल्डर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी जमिनीवरच घेत होता. शेपटीकडच्या पंख्याचं पातं तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं, तो पंखा त्याला लागला आणि पोरगा गेला. हुशारीत तो कुणाला हार जाणारा नव्हता. पण पातं किती ताण सोसेल हे तपासून सांगणारा जाणकार खेड्यात मिळणार कुठून? दुसरीकडे अमोल यादव बघ. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं त्यांचं विमान 2016 च्या एका प्रदर्शनात मुंबईने पाहिलं, 2017 ला नोंदणी झाली आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं 2020 मध्ये. माणूस स्वतः वैमानिक, तरी परवानगीसाठी एवढी वर्षं. त्या सरकारी रखडपट्टीचा मलाही राग आला होता, पण तुझ्या बाबतीत मला सावकाशपणाच हवा.

हवेत बंद पडणारं इंजिन बहुतेकदा आतून धड असतं. त्याला पेट्रोल पोचलेलं नसतं. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची वाट आधी बघ. रबरी पाइप दर पाच वर्षांनी बदलायचे, इंजिन तासभरही चाललेलं नसलं तरी. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 912 ला कंपनीची मुभा दहा टक्क्यांपर्यंतच आहे. इथेनॉल ओल ओढतं, पाणी टाकीच्या तळाशी बसतं. ते रोज काढून बघायचं. परभणीच्या मे महिन्यात इंजिनाजवळच्या पाइपात पेट्रोलची वाफ धरते, तेव्हा पाइप सायलेन्सरपासून दूर ने आणि त्याला उष्णतारोधक वेष्टन घाल. मग विमानाचं नाक चढाईइतकं वर ठेवून बादलीत पेट्रोल मोज. टेकऑफला जेवढं लागतं त्याच्या सव्वापट पंपाने यायला हवं. पंप नसेल, टाकी वर असेल, तर दीडपट.

तेल पाहण्यासाठी पंखा हाताने फिरवून तेलाच्या टाकीतली गुडगुड ऐकावी लागते. त्याआधी दोन्ही इग्निशन बंद आहेत ना, हे बघ. बंद असली तरी पंखा कधीही उसळेल असं धरूनच हात लाव. तेलाचा फिल्टर बदललास की जुना कापून त्यात धातूचा चुरा आहे का तपास. हवाई दलात मी फिटर होतो तेव्हा एकाने नट आवळायचा आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, असा रिवाज होता. तुझ्या शेडमध्ये तो दुसरा कोण? व्हिडिओ बघून वाहवा करणारे मित्र त्यात धरू नकोस.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गप्प झालं तर धावपट्टीकडे मागे वळू नकोस. कमी उंचीवर वळताना वेग गेला की विमान सावरत नाही. नाक खाली घे, वेग धर, समोरच्या रानात उतर. आपली काळी जमीन पावसाळ्यात चाक गिळते, म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांपुढची शेतं आधी पायी फिरून ये. विहिरी कुठे, विजेच्या तारा कुठून गेल्यात, सऱ्या कोणत्या दिशेने आहेत, सगळं वहीत लिही. सऱ्यांना आडवं उतरलास तर विमान नाकावर उलटेल.

इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी मला बोलाव, मी येतो. डीजीसीएची, म्हणजे सरकारी विमान खात्याची, परवानगी हातात पडेपर्यंत चाकं जमिनीवरून उचलायची नाहीत. आणि पाइपांवर छापलेल्या तारखांचे फोटो याच आठवड्यात पाठव.

तुझा,
मामा