लेहहून दिल्लीला येताना

सातारा,
श्रावण शुद्ध पंचमी

चि. सोनू,

लेहच्या शाळेतलं तुझं वर्ष संपत आलं, महिनाअखेरीला दिल्लीत मुलाखत आहे आणि पुस्तकांच्या खोक्यांमुळे तू विमानाऐवजी रस्त्याने येणार आहेस, असं ताईने सांगितलं. सरकारी बसने यावं, शेअर टॅक्सीने यावं की श्रीनगरमार्गे, असं तू विचारलं आहेस. सीमा रस्ते संघटनेच्या (बीआरओ) दिघीच्या ग्रेफ सेंटरमधून बाहेर पडल्यावर माझी नोकरीची बरीच वर्षं त्याच रस्त्यांवर गेली. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शांतपणे वाच.

आधी मुद्द्याचं सांगतो. भाडं किती आणि तास किती, एवढ्यावरच लोक गाडी ठरवतात. तू आणखी एक गोष्ट बघ: या गाडीत घाई केल्याने कोणाचा फायदा होतो? चालकाचा होत असेल तर ती गाडी सोड. तुझा स्वतःचा होत असेल तर तारीख बदल. डोंगरातल्या रस्त्यावर खड्डा, दरड, बर्फ, पाणी या सगळ्यांशी निभावता येतं, पण थांबायला वेळ असेल तरच. घाई असली की तो वेळच हातात राहत नाही.

आता वाटा बघू. मनालीमार्गे लेह ते दिल्ली साधारण ९७० किलोमीटर. त्यातले लेह ते मनाली सुमारे ४३० किलोमीटर खऱ्या कसोटीचे. ऑक्टोबर २०२०मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, रोहतांगची खिंड टळली आणि ४६ किलोमीटर वाचले. पण बाकीच्या खिंडी जागच्या जागी आहेत. उपशीला सिंधूचं खोरं सोडलं की रस्ता टांगलांग ला या खिंडीकडे चढतो, उंची ५,३२८ मीटर. मग मोरेचं मैदान, पांग, पुढे लाचुलुंग ला आणि नकी ला, गाटा लूप्सची एकवीस वळणं उतरून सरचू, आणि शेवटी बारालाचा, जवळजवळ ४,९०० मीटर. रुमत्से सोडल्यापासून दारचा येईपर्यंत वस्ती म्हणावी असं काही नाही. हंगामापुरते तंबूतले ढाबे, लष्कराचे तळ आणि रस्त्यावर काम करणारी आपली माणसं, एवढंच.

या वाटेवर घड्याळ फार महत्त्वाचं. बारालाचाच्या पलीकडे झिंगझिंगबारच्या आसपास नाले रस्ता ओलांडतात. सकाळी पाणी घोट्याएवढं असतं. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारी तेच पाणी दगडगोटे घेऊन येतं. पुष्कळ ठिकाणी आता पूल झाले आहेत, पण प्रवाह कधी कुठे रस्ता फोडेल याचा भरवसा नाही. आणि लेहहून पहाटे निघालेली गाडी बारालाचाला नेमकी दुपारी, पाणी वाढलेलं असताना पोहोचते. मनालीहून येणाऱ्यांना ही अडचण कमी, कारण ते हा पट्टा सकाळीच ओलांडतात.

यावर टॅक्सीवाल्यांनी तोड काढली आहे. शेअर टॅक्सी मध्यरात्रीनंतर लेहहून निघते, सकाळी नाले पार करते आणि त्याच संध्याकाळी मनाली गाठते. पाण्याच्या हिशेबाने हे बरोबर आहे. पण टांगलांग ला काळोखात ओलांडावी लागते, रस्त्यावर ओघळलेल्या पाण्याचा तिथे रात्री पातळ बर्फ होतो, आणि तो दिव्याच्या उजेडात दिसत नाही. दुसरं म्हणजे चालक. त्याला खेपेमागे पैसे मिळतात. कालच मनालीहून आलेला माणूस आज रात्री परत निघाला तर त्याची एक खेप वाढते. हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा, गाडीचे हप्ते बारा महिन्यांचे. त्याला मी दोष देत नाही, त्याच्यावर घर चालतं. पण आपल्या कायद्याने वाहनचालकाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आहे, ती उगीच नाही. न झोपलेल्या माणसाची नजर उतारावर, सगळं अवघड संपल्यावर मिटते.

म्हणून माझा पहिला कौल हिमाचल परिवहनच्या लेह–दिल्ली बसला. ती उन्हाळी हंगामातच धावते. साधी बस आहे, पाठ टेकायला आरामखुर्ची नाही, अंग आंबून जाईल. तरीही तीच घे. त्या बसच्या चालकाला लवकर पोहोचल्याबद्दल एक रुपयाही जास्त मिळत नाही. टप्प्याटप्प्यावर चालक बदलतात. गाडी उंच, चाकं मोठी, त्यामुळे दुपारच्या नाल्यात ती छोट्या गाडीपेक्षा बरी निभावते. आणि रस्ता बंद झाला तर ती बस कुठे अडकली आहे हे महामंडळाला आणि प्रशासनाला ठाऊक असतं. एकट्या टॅक्सीची चौकशी करायला कोण असतं?

वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. तेव्हा दोन दिवस आधी लेहच्या स्टँडवर स्वतः जा आणि खिडकीवर विचार: बस किती वाजता सुटते, केलाँगला रात्रीचा मुक्काम आहे का, पुढे तीच बस जाते की बदलावी लागते? मुक्काम नसेल तर केलाँगपर्यंतचंच तिकीट काढ. केलाँग साधारण ३,१०० मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षा खाली. तिथे झोप नीट लागते, दवाखाना आहे, फोन लागतो. दुसऱ्या दिवशी दुसरी बस पकडून दिल्लीला ये. जागा दोन्ही चाकांच्या मधली माग, मागच्या बाकावर हाडं खिळखिळी होतात.

बस मिळालीच नाही तर दुसरा पर्याय दोन दिवसांच्या गाडीचा. शाळेतल्या शिक्षकांपैकी कोणी उतरणार असतील तर मिळून एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवा. सकाळी उजेडात लेह सोडा, सरचूला तंबूत मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बारालाचा आणि नाले ओलांडा. खालून येणाऱ्यांना ४,३०० मीटरवरचं सरचू बाधतं, कारण त्यांचं शरीर सरावलेलं नसतं. तू वर्षभर लेहला राहिलेली आहेस, तुला एक रात्र थंडी सोसावी लागेल, एवढंच. भाडं थोडं जास्त पडेल. ते मी देईन, त्यावर वाद घालू नकोस.

टॅक्सी घ्यायचीच वेळ आली तर गाडी दिवसा बघून ये. नंबरप्लेट पिवळी हवी. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाड्याने जाऊ नकोस, अपघात झाला तर विम्यावाले हात वर करतात. टायरवरची नक्षी बघ, स्टेपनीचीही बघ. आणि चालकाला नमस्कार करून सरळ विचार, "उस्ताद, काल रात्री कुठे होता?" उत्तर रस्त्यावरचं असेल तर पैसे दिलेले असले तरी बसू नकोस. पैसे बुडाले तर बुडू देत.

श्रीनगरची वाट तू विचारलीस. ती एकूण बाराशे किलोमीटरच्या पुढे जाते. पण तिच्यातले गुण ऐक. तिथली सर्वांत उंच खिंड फोटू ला, ४,१०८ मीटर, आणि वाटेवर खाल्त्सी, लामायुरू, मुलबेख, कारगिल, द्रास अशी वस्ती लागते. कारगिलला मुक्काम करता येतो. अवघड एकच जागा, झोजी ला. उंची ३,५२८ मीटरच, पण डोंगर ठिसूळ, रस्ता अरुंद. तिथे वाहतूक बरेचदा ठराविक वेळी एकाच बाजूने सोडतात आणि लष्कराच्या ताफ्यांसाठी थांबवतात. सध्या सोनमर्ग-बालटालला अमरनाथच्या यात्रेची गर्दी असते, ती राखीपौर्णिमेला ओसरते. श्रीनगरहून खाली रामबनच्या पट्ट्यात पावसाने दरडी येतात. मात्र जून २०२५पासून श्रीनगर–कटरा रेल्वे सुरू झाली आहे, तो पट्टा रेल्वेने टाळता येतो. झंस्कारमधून शिंकू लामार्गे दारचाला उतरणारी नवी वाट २०२४मध्ये जोडली गेली. सामान घेऊन एकट्या मुलीने जायची ती वाट अजून नाही.

मनाली आणि श्रीनगर या दोन वाटांतली निवड लेहच्या आकाशाकडे बघून करू नकोस. लेह पर्जन्यछायेत आहे. तिथे लख्ख ऊन असेल आणि त्याच वेळी मंडी-कुल्लूत बियास पात्र सोडून वाहत असेल. जुलै २०२३मध्ये तिने कुल्लू-मनालीचा महामार्ग जागोजाग गिळला, ऑगस्ट २०२५मध्ये पुन्हा. मनालीच्या खालचा रस्ता तू निघशील त्या दिवसांत सर्वांत बेभरवशाचा असतो. निघायच्या आदल्या दिवशी पोलिसांची रस्त्याविषयीची सूचना बघ, आणि स्टँडवर नुकत्याच आलेल्या चालकाला विचार. मंडीकडे रस्ता तुटला असेल तर कारगिलची गाडी धर. तुटलेल्या रस्त्याच्या अलीकडे जाऊन वाट बघण्यात अर्थ नाही.

प्रकृतीचं थोडं. टांगलांग ला लेहपेक्षा अठराशे मीटर उंच आहे. सरावलेल्या शरीरालाही ते जाणवतं. वर उतरून फोटोसाठी धावपळ करू नकोस. जेवण हलकं, पाणी घोट घोट, झोपेची गोळी अजिबात नको, तिने श्वास मंदावतो. डोकं दुखलं तर घाबरू नकोस. पण बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला, तर चालकाला लगेच सांग. पांगला लष्कराच्या तळावर मदत मिळते, आणि खरा उपाय एकच, खाली उतरणं. हेच सहप्रवाशाच्या बाबतीत दिसलं तर गप्प बसू नकोस, गाडीतल्या सगळ्यांची वाट वाकडी झाली तरी.

मामीने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे: मोरेच्या मैदानात आडोसा नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत आणि मग आजारी पडतात. तू तसं करू नकोस. जिथे आडोसा दिसेल तिथे गाडी थांबवायला सांग, लाजू नकोस. लडाखी बायका बरोबर असतात, त्यांना आधीच सांगून ठेव.

प्रमाणपत्रं प्लास्टिकमध्ये घालून मांडीवरच्या पिशवीत. खोकी टपावर गेली तर ताडपत्री बांधलेली स्वतः बघ. सुटे पैसे रोख ठेव, नेटवर्क नाही तिथे मोबाइलवरून पैसे जात नाहीत. आणि उपशी सोडल्यावर दारचापर्यंत बऱ्याच ठिकाणी फोन लागणार नाही हे तुझ्या आईला आधीच सांग, नाहीतर ती रात्रभर बसून राहील.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. चालकाच्या घाईबद्दल एवढं लिहिलं, पण मुलाखतीच्या आदल्या दिवशी पोहोचायचं ठरवून निघालीस तर गाडीतली सर्वांत मोठी घाई तुझीच असेल. दरड पडली की तूच "काही करून काढा ना गाडी" म्हणशील, आणि भला चालकसुद्धा कधीकधी अशा विनवणीला बळी पडतो. रस्ता मोकळा करणारी बीआरओची माणसं वरून दगड येत असताना कामाला उभी असतात. त्यांनी थांबा म्हटलं की थांबायचं, हे ज्याच्या हातात मोकळे दिवस आहेत त्यालाच जमतं. म्हणून राखीपौर्णिमा झाली की लगेच निघ, आणि प्रवासाचे दिवस धरून त्यावर चार दिवस हातात ठेव. लवकर पोहोचलीस तर दिल्लीत अभ्यासाला वेळ मिळेल. मुलाखत झाली की झेलम एक्सप्रेसने पुण्याला ये, मी स्टेशनवर येतो, गणपतीला सगळे घरी असू.

तारखेबद्दल शाळेत आजच बोल. तिकीट काढलंस की गाडीचा नंबर आणि सुटायची वेळ मला कळव, आणि केलाँगला पोहोचल्यावर आधी आईला फोन कर, मग मला.

तुझा,
मामा