हट्टीची सोन्याची खाण

(पाठपरिचय : सोने सर्वांना आवडते, पण ते जमिनीतून कसे काढतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते. या पाठात दख्खनच्या कोरड्या मुलखातील एका जुन्या खाणीची माहिती दिली आहे. या खाणीच्या परिसरात सोन्याचा शोध घेताना एक वेगळाच खजिना हाती लागला. तो कोणता, हे पाठ वाचून समजून घ्या.)

परभणी जिल्ह्यातील झरी आणि आसपासच्या गावांची जमीन काळी आहे. या जमिनीत ज्वारी, तूर, सोयाबीन आणि कापूस पिकतो. कापूस वेचणीला आला, की शेत पांढरेशुभ्र दिसते. म्हणून आपले शेतकरी कापसाला 'पांढरे सोने' म्हणतात. पण खरे पिवळे सोने या जमिनीत का सापडत नाही?

याचे उत्तर दगडात आहे. आपल्या काळ्या मातीखाली जो काळा दगड लागतो, तो ज्वालामुखीच्या रसापासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. आपल्या देशातील सोने मुख्यतः त्याहून फार जुन्या खडकांत सापडते. असे खडक कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात आहेत. त्यांचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक आहे. त्या खडकांत गारगोटीच्या पांढऱ्या शिरा असतात आणि त्या शिरांत सोन्याचे अगदी बारीक कण असतात. याच जिल्ह्यात हट्टी हे गाव आहे. १९५६ पर्यंत परभणी आणि रायचूर हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. म्हणजे झरी आणि हट्टी ही दोन्ही गावे एके काळी एकाच राज्यातली होती.

कृष्णा आणि तुंगभद्रा या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशाला 'रायचूर दोआब' म्हणतात. 'दो' म्हणजे दोन आणि 'आब' म्हणजे पाणी, हे तुम्हांला सांगायला नकोच. या दोआबासाठी बहामनी सुलतान आणि विजयनगरचे राजे यांच्यात अनेक लढाया झाल्या. दोन्ही बाजूंना नद्या असल्या, तरी मधला मुलूख मात्र कोरडा आहे. पाऊस कमी, ऊन कडक आणि जागोजागी उघड्या खडकांच्या टेकड्या. अशा या मुलखाच्या पोटात सोने दडलेले आहे.

ते प्रथम कोणी शोधले? इंग्रजांनी नव्हे आणि कोणत्याही कंपनीने नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे खाणी चालत होत्या. त्या काळी ना यंत्रे होती, ना सुरुंगाची दारू. खाणकामगार दगडाला लागून लाकडे रचीत व जाळ करीत. दगड खूप तापला, की त्यावर पाणी टाकीत. मग दगड तडकत असे. तो छिनी-हातोड्याने फोडून वर आणीत, उखळासारख्या खळग्यांत कुटीत, दळीत आणि पाण्याने धूत. हलकी माती वाहून जाई व जड सोने खाली राही. अशा रीतीने ते लोक हट्टी येथे सुमारे १९५ मीटर खोल गेले होते! अंधार, धूर आणि कोंदट हवा यांत त्यांनी किती कष्ट सोसले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आज आपल्याला माहीत नाही.

पुढे या खाणी बंद पडल्या. विहिरींसारखे खोल खड्डे तेवढे उरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने या भागातील खडकांची पाहणी केली. त्यानंतर कंपन्यांचे लोक सोने शोधत येथे आले. जुन्या खड्ड्यांनीच त्यांना वाट दाखविली. १९०२ मध्ये हट्टीच्या खाणीतून नव्या पद्धतीने सोने काढण्यास सुरुवात झाली.

जगातील इतर काही सोन्याची क्षेत्रेही अशाच निर्जल मुलखात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात कॅलगुर्ली येथे १८९३ मध्ये सोने सापडले. तेव्हा तेथे सोने होते. पण प्यायला पुरेसे पाणी नव्हते. उंटांच्या काफिल्यांनी तेथे माल व पाणी पोहोचविले. हे उंटवाले अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा प्रदेशांतून तिकडे गेले होते. शेवटी १९०३ मध्ये पाचशे किलोमीटरांहून लांब नळ टाकून तेथे पाणी आणण्यात आले. तहानेपुढे सोन्याची किंमत काय, हे त्या लोकांना चांगलेच कळले असेल.

आता पुन्हा रायचूरकडे वळू. हट्टीहून फार दूर नसलेल्या मस्की या गावी १९१५ मध्ये बीडन नावाचे एक खाण-अभियंता सोने शोधत फिरत होते. तेथील टेकडीवरच्या एका मोठ्या खडकावर त्यांना काही अक्षरे कोरलेली दिसली. लिपी ब्राह्मी होती आणि भाषा प्राकृत. हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खाते नुकतेच सुरू झाले होते व गुलाम यझदानी हे त्याचे प्रमुख होते. या खात्याच्या ग्रंथमालेतील पहिल्याच पुस्तकात कृष्णशास्त्री या विद्वानांनी तो लेख वाचून प्रसिद्ध केला.

तो लेख सम्राट अशोकाचा होता! त्यापूर्वी देशात अशोकाचे अनेक शिलालेख सापडले होते. पण त्यांत राजाचा उल्लेख 'देवांचा प्रिय', 'प्रियदर्शी' अशा पदव्यांनी केलेला होता. हा प्रियदर्शी राजा म्हणजेच अशोक, असे विद्वान मानीत होते. मस्कीच्या लेखात 'अशोक' हे नावच स्पष्ट कोरलेले आढळले आणि शंका दूर झाली. सोने शोधायला गेलेल्या माणसाला इतिहासाचे सोने सापडले!

या लेखातील विचारही मोलाचा आहे. केवळ थोर माणसेच उच्च पद मिळवू शकतात असे नाही. धर्माने वागणारा सामान्य माणूसही ते मिळवू शकतो, असे त्यात सांगितले आहे. ज्या मुलखात सामान्य कामगार जमिनीखाली राबत होते, त्याच मुलखात हे शब्द कोरलेले आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पहिल्या महायुद्धानंतर हट्टीची खाण चालविणे कठीण झाले व १९२० मध्ये ती बंद पडली. पुढे निजाम सरकारने जुन्या खाणीची पुन्हा तपासणी करविली. १९४७ मध्ये 'हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी' स्थापन झाली. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. तेव्हा परभणी मुंबई राज्यात आले आणि रायचूर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. आज ही खाण कर्नाटक सरकारच्या 'हट्टी गोल्ड माइन्स कंपनी'कडे आहे. कोलारची प्रसिद्ध खाण २००१ मध्ये बंद झाली. तेव्हापासून देशातील खाणींतून निघणारे बहुतेक सोने हट्टीचेच असते.

आता खाण आठशे मीटरांहून अधिक खोल गेली आहे. कामगार लोखंडी पिंजऱ्यात उभे राहून खाली उतरतात. दगडाला भोके पाडून सुरुंग लावतात. फोडलेला दगड वर आणून यंत्रात पिठासारखा दळतात. मग सायनाइड या विषारी रसायनाच्या पाण्यात सोने विरघळवून वेगळे करतात व शेवटी भट्टीत वितळवतात. एक टन दगडातून जेमतेम काही ग्रॅम सोने मिळते. म्हणजे एका लहानशा अंगठीपुरते! वर्षभर मेहनत केल्यावर सुमारे दीड टन सोने निघते. आपल्या देशाला मात्र दरवर्षी शेकडो टन सोने लागते. ते परदेशांतून विकत आणावे लागते.

खाणीतील काम धोक्याचे असते. दरड कोसळते, दगडाची धूळ फुप्फुसांत जाऊन आजार जडतो. म्हणून सराफाच्या दुकानात चमकणारी अंगठी पाहताना तिच्यामागचा एक टन दगड आठवावा आणि तो फोडणारे हातही आठवावेत. सम्राटाचे नाव दगडाने जपून ठेवले. कामगारांची नावे दगडावर कोरलेली नाहीत. ती आठवण आपणच जपायला हवी.

शब्दार्थ
मुलूख – प्रदेश
गारगोटी – पांढरा, कठीण दगड
शीर – खडकातील दुसऱ्या दगडाची पट्टी
सुरुंग – दगड फोडण्यासाठी केलेला स्फोट
निर्जल – पाणी नसलेला
शिलालेख – दगडावर कोरलेला लेख
पुरातत्त्व – जुन्या अवशेषांचा अभ्यास
सराफ – सोन्याचांदीचा व्यापारी

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शेतकरी कापसाला काय म्हणतात?
(आ) 'दोआब' या शब्दाचा अर्थ काय?
(इ) मस्कीचा शिलालेख कोणत्या साली आढळला?

प्रश्न २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्राचीन काळी खाणकामगार दगड कसा फोडीत?
(आ) मस्कीच्या शिलालेखाचे महत्त्व काय?
(इ) सोने महाग का असते? पाठाच्या आधारे तुमच्या शब्दांत सांगा.

प्रश्न ३. वाक्यात उपयोग करा.
वाट दाखविणे, हाती लागणे, शंका दूर होणे, कष्ट सोसणे.

प्रश्न ४. जमीन, मजूर, खजिना, मेहनत, काफिला हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : तुमच्या गावातील विहीर किंवा ओढ्याकाठचा दगड पाहा. त्याचा रंग, वजन व कठीणपणा यांविषयी पाच वाक्ये लिहा.