विद्युत् रोध व विद्युत् शक्ती : दोन मापांवरून दोन उत्तरे
(वरच्या प्राथमिक वर्गांच्या विज्ञानपाठासाठी)

पाठाचा हेतू.— दाबाला प्रवाहाने भागले असता रोध मिळतो व गुणले असता शक्ती मिळते, ही दोन सूत्रे विद्यार्थी लवकर पाठ करतात, आणि तितक्याच लवकर त्यांची अदलाबदल करतात. त्याच दोन संख्या एकदा भागावयाच्या व एकदा गुणावयाच्या कशासाठी, हे प्रयोगातून उमगले पाहिजे. शिवाय हा हिशेब केवळ परीक्षेपुरता नाही. विजेमुळे घराला आग लागण्याचे एक नेहमीचे कारण त्याच्याच आधारे मुलांना समजावून देता येते.

पूर्वतयारी.— उंच टाकीतील पाण्याचा दृष्टान्त द्यावा. टाकीची उंची म्हणजे दाब (व्होल्ट), नळीतून दर सेकंदास वाहणारे पाणी म्हणजे प्रवाह (अँपिअर) आणि नळीच्या अरुंदपणामुळे होणारा अडथळा म्हणजे रोध (ओहम). नळी फुटली तर पाणी सांडते, तार तुटली तर मात्र प्रवाह थांबतो. म्हणून दृष्टान्त याहून पुढे ताणू नये.

साहित्य.— दीड व्होल्टच्या दोन कोरड्या बॅटऱ्या, व्होल्टमीटर, अ‍ॅमीटर, जोडतारा, आणि १००० वॉटच्या निरुपयोगी शेगडीच्या वेटोळ्याचा पाचवा भाग. या तुकड्याचा रोध सुमारे १० ओहम भरतो.

प्रयोग.— अ‍ॅमीटर प्रवाहाच्या वाटेतच जोडावा. व्होल्टमीटर तुकड्याच्या दोन टोकांस जोडावा. अ‍ॅमीटर एकटाच बॅटरीला कधीही जोडू नये. प्रथम एक बॅटरी व नंतर दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून वाचने फळ्यावर लिहावीत. ती साधारणपणे पुढीलप्रमाणे येतील :

एक बॅटरी : १.५ व्होल्ट, ०.१५ अँपिअर
दोन बॅटऱ्या : ३ व्होल्ट, ०.३० अँपिअर

आता विद्यार्थ्यांकडून भागाकार करवून घ्यावा. दोन्ही वेळा उत्तर १० येते. दाब बदलला, प्रवाह बदलला, भागाकार मात्र बदलला नाही; म्हणजे तो त्या तारेचा स्वतःचा गुण होय. हाच रोध. नंतर गुणाकार करवून घ्यावा. पहिल्या वेळी ०.२२५ व दुसऱ्या वेळी ०.९ वॉट, म्हणजे चौपट. दर सेकंदास किती ऊर्जा खर्च होते हे गुणाकार सांगतो. दाब दुप्पट झाला की प्रवाहही दुप्पट होतो, म्हणून खर्च चौपट होतो. वर्गातील वाचने थोडी मागेपुढे आली तर ती तशीच लिहावीत. उत्तर जुळविण्यासाठी बदलू नयेत.

हा स्थिर भागाकार जॉर्ज सायमन ओहम (१७८९–१८५४) यांनी शोधला. त्या वेळी ते जर्मनीतील कोलोन येथे शाळाशिक्षक होते. त्यांचा ग्रंथ १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कॉप्ली पदक दिले.

मर्यादा.— तंतूचा दिवा तापला की त्याचा रोध पुष्कळ वाढतो, आणि एलईडी दिव्यात हा भागाकार स्थिर राहतच नाही. म्हणून पहिल्या प्रयोगास हे दिवे घेऊ नयेत. पंख्यासारख्या मोटारीच्या उपकरणातही केवळ गुणाकाराने घरातील विजेची खरी शक्ती मिळत नाही. शेगडी, इस्त्री व तंतूचा दिवा यांना मात्र हा हिशेब चालतो.

नेहमीची चूक.— जास्त वॉटच्या वस्तूचा रोध जास्त असतो, अशी मुलांची समजूत असते. २३० व्होल्टवर तंतूचा ६० वॉटचा दिवा ०.२६ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून त्याचा रोध सुमारे ८८२ ओहम. १००० वॉटची शेगडी ४.३५ अँपिअर घेते, म्हणून तिचा रोध सुमारे ५३ ओहम. दाब तोच असता, रोध कमी तर प्रवाह जास्त व शक्तीही जास्त.

सैल जोडणीचा हिशेब.— समजा, प्लगमधील एक जोड सैल होऊन तेथे १ ओहम रोध निर्माण झाला. दिवा लावला असता जोडावरील दाब ०.२६ व्होल्ट व प्रवाह ०.२६ अँपिअर, गुणाकार सुमारे ०.०७ वॉट. दिवा नीट लागतो, कोणास काही कळत नाही. त्याच प्लगवर शेगडी लावली की एकूण रोध सुमारे ५४ ओहम, प्रवाह सुमारे ४.२७ अँपिअर व जोडावरील दाब ४.२७ व्होल्ट होतो. तेथे सुमारे १८ वॉट उष्णता निर्माण होते. प्रवाह सुमारे सोळापट, उष्णता मात्र अडीचशे पटींहून अधिक. एवढी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत साठली की तारेवरील आवरण वितळते व पेटूही शकते. येथे फ्यूजही वाचवीत नाही, कारण एकूण प्रवाह वाढलेला नसून किंचित घटलेलाच असतो. म्हणून ऊन लागणारा, काळा पडलेला किंवा जळका वास येणारा प्लग वापरू नये व जाणत्या तारतंत्र्याकडून दुरुस्त करून घ्यावा, हे मुलांच्या मनावर बिंबवावे.

सावधगिरी.— सर्व मापे बॅटरीवरच घ्यावीत. घरच्या २३० व्होल्टच्या जोडणीवर शिक्षकांनी वा विद्यार्थ्यांनी मापन करू नये. तेथील आकडे उपकरणावरील पाटीवरून घ्यावेत.

स्वाध्याय.—
१. एका इस्त्रीतून २३० व्होल्टवर ३.२५ अँपिअर प्रवाह वाहतो. रोध व शक्ती काढा. (सुमारे ७०.८ ओहम, ७४७.५ वॉट)
२. पाणी तापविण्याची १५०० वॉटची कांडी २३० व्होल्टवर किती प्रवाह घेईल? अर्ध्या तासात किती युनिट वीज लागेल? (सुमारे ६.५ अँपिअर, पाऊण युनिट)
३. वरील कांडीच्या प्लगमधील जोडास अर्धा ओहम रोध असेल, तर तेथे सुमारे किती उष्णता निर्माण होईल? (सुमारे २१ वॉट)

तिसरे उदाहरण सोडविल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या उपकरणांच्या पाट्यांवरील वॉटचे आकडे लिहून आणावेत आणि त्यांतील कोणती दोन उपकरणे एका प्लगवर एकाच वेळी लावू नयेत, हे गणिताने दाखवावे.